डब्यातल्या चिठ्ठ्या

९ फेब्रुवारी

"हनुवटी वर. अजून वर. आता कंटाळल्यासारखी बघ."

कंटाळल्यासारखी! त्यासाठी मला वेगळं काही करावं लागतं का? सकाळी आठपासून चारपर्यंत एका मोहरीच्या रंगाच्या झग्यात उभी होते. पाठीमागे टाचण्याच टाचण्या. दुपारी खायला अर्धं सफरचंद, आणि त्या अर्ध्या सफरचंदावरही चर्चा. फोटो काढणारा म्हणतो, तुझं नाक म्हणजे सोनं आहे. याच नाकावरून शहराच्या कडेच्या आमच्या नेसा वस्तीत, शाळेत, पोरं मला पोपट म्हणायची. आता तेच नाक खपतं. खपायला लागल्यापासून ते माझं आहे असंही वाटेनासं झालंय.

निघताना एजन्सीच्या बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. तेहेतीस चालू ना तुला, म्हणाल्या, चेहऱ्याची अजून दोन वर्षं धर. मंडईत टोमॅटो दाबून बघतात तशा बघत होत्या. मी हसले. हसले, याचा जास्त राग येतो.

मेट्रो, मग मिनीबस, मग चालत. कुकोमामा उंबऱ्यात बसला होता, गळ्यात पाटी. माझी वाटच बघत असणार, कारण मजकूर आधीच लिहून तयार होता — "३ मे. माइक तू."

३ मे म्हणजे आमच्या गल्लीचा वर्षाचा मोठा नाच. मी म्हटलं, बघू.

त्याने पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं.

१२ फेब्रुवारी

काल गुरुवार, म्हणजे शहरातल्या रोमा या महागड्या भागातला क्लब. दाराशी माझा भिंतभर फोटो — "डीजे युनुएन, थेट नेसाहून!" जसं काही मी दुसऱ्या ग्रहावरून येते. मिनीबसला सव्वा तास लागतो, बस.

मालकाला माझ्याकडून गाणी नको असतात. त्याला मामा हवा असतो — पण मामाचा वास नको, मामाची ढेरी नको. मी माइकवर मामासारखं ओरडायचं आणि चिठ्ठ्या वाचायच्या. चिठ्ठ्या मीच दुपारी घरी बसून बनवते. "एकातेपेकच्या उंदीर गँगकडून गोऱ्या लोरेनाला सलाम, आणि तिच्या आईला दोन सलाम!" खाली पोलांकोच्या बंगल्यांतली पोरं हसून हसून लोळतात. त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव असंच कुठल्या तरी चिठ्ठीत असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

मामाच्या नाचात सलाम ऐकून कुणी हसत नाही. चौतीस वर्षं आमच्या गल्लीत 'सोनिदो व्हेंतारोन' वाजतंय. रस्ता अडवायचा, भिंतीएवढे स्पीकर लावायचे, कुंबिया लावायची, आणि लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्या गाण्यावरच वाचायच्या. "शिकागोतल्या तोन्योला आईचा सलाम, ती बरी आहे, तिचं डोळ्याचं झालं." खाली ती आई तोंडावर हात धरून उभी असायची. सगळ्या नाचाची टेप व्हायची आणि ती टेप शिकागोला जायची. लहानपणी मी स्पीकरमागे बसून हे सगळं बघितलंय. त्याचीच मी दर गुरुवारी टिंगल करून खाते. शी!

गेल्या वर्षी मामाचा कंठ काढून टाकला. गळ्याला भोक, आणि आवाज नाही तो नाहीच. तेव्हापासून व्हेंतारोन नुसती गाणी वाजवतं. लोक येतात, अर्ध्या तासात घरी जातात. गाणी काय, घरीही असतात. लोक यायचे ते आपलं नाव ऐकायला.

१५ फेब्रुवारी

आज पोटभर खाल्लं. मग वजन केलं. मग स्वतःवरच चिडले. दिवस संपला.

२० फेब्रुवारी

दामारिसच्या रसाच्या गाडीवर गेले. तिच्या गाडीच्या काचेला आमचं जुनं पोस्टर चिकटवलेलं आहे, त्यावर पपईचे डाग. 'लास कुबेतास', म्हणजे बादल्या. सोळाव्या वर्षी चौघी मुली, एकीकडे गिटार, आणि बाकी सगळ्या रंगाच्या रिकाम्या बादल्या. दामारिस बादल्या अशा बडवायची की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. तीन वर्षं टिकलो. एकीला मूल झालं, एक उत्तरेला पळाली, बादल्या राहिल्या.

मग माझा दुसरा बँड. तो आठवला की तोंड कडू होतं. चार दाढीवाले आणि मी. मी सगळ्यांच्या पुढे, कारण मी दिसते छान. गाणी माझी, मुलाखती त्यांच्या. शेवटी एका दारूच्या जाहिरातीला गाणं विकलं ते मला टीव्हीवर कळलं. त्याच जाहिरातीत माझा चेहरा बघून एजन्सीने बोलावलं. म्हणजे माझी मॉडेलिंगची कारकीर्द चोरीतून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

दामारिसने संत्र्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, वहीतल्या दहा गाण्यांचं काय झालं. मी म्हटलं, स्टुडिओ कुठून आणू. ती म्हणाली, मामाच्या स्पीकरवर गा. मला हसू आलं. ती हसली नाही.

दहा गाणी. माझी. माझ्या नावाची एक रेकॉर्ड — बँड नाही, दाढ्या नाहीत, नाक नाही. एवढंच हवंय मला. एवढ्यासाठी काय काय गिळतेय ते या वहीला माहीत आहे.

२४ फेब्रुवारी

इन्याकीने बोलावलं. कपड्यांच्या दुनियेत सध्या हाच देव. पायात मजुराच्या चपला घालतो आणि त्या चपला त्याने स्वतः मजुरांकडून 'शिकून' केल्यात असं सांगतो. एप्रिलच्या शोचं नाव म्हणे 'सलाम'. सोनिदेरोंच्या, म्हणजे मामासारख्या गल्लीतल्या माइकवाल्यांच्या, चिठ्ठ्या कोटांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात छापायच्या. शोचा चेहरा मी. संगीत माझं.

आणि बदल्यात — रेकॉर्ड! दहाच्या दहा गाणी, चांगला स्टुडिओ, माझं नाव. मी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाला.

एक अट. चिठ्ठ्या खऱ्या हव्यात. खोट्या त्याने बघितल्यात. "त्यात घाम नसतो," म्हणाला. हे बोलताना त्याने स्वतःचा हात हुंगला.  पण हो म्हणून आले.

२८ फेब्रुवारी

मामाला तपासणीसाठी दवाखान्यात सोडलं आणि परत येऊन त्याच्या खोलीत शिरले.

वायरींच्या खाली एक गोणी होती, तिच्यात बिअर सांडलेल्या, चिखलाच्या, बुटाखाली आलेल्या चिठ्ठ्या. हाताला चिकट. ते असलं इन्याकीच्या पांढऱ्या टेबलावर कोण ठेवणार! पलंगाखाली मात्र बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. आत शेकडो चिठ्ठ्या, सरळ घडी घातलेल्या, वर्षावर्षाच्या गठ्ठ्याला रबर. म्हणजे मामाने आवडलेल्या निवडून ठेवल्यात, मी म्हटलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात छान.

वाचल्या नाहीत. अक्षरं तेवढी बघितली. कुणाचं गोल, कुणाचं पेन्सिलीने दोनदा गिरवलेलं. वाटलं, वाचायचं काय त्यात — चौतीस वर्षं सगळ्या गल्लीने माइकवरून ऐकलेलंच आहे. जे एकदा भोंग्यावरून सांगितलं ते काही गुपित नव्हे.

डबा पिशवीत घातला. मामाला विचारलं नाही. पाटीवर तो नाही म्हणाला असता.

५ मार्च

इन्याकी वेडा झालाय. डबा मांडीवर घेऊन बसला होता. हे काय आणलंस, हे काय आणलंस, एवढंच. एका चिठ्ठीवर ओठ टेकवले त्याने. मी खिडकीबाहेर बघत बसले. स्टुडिओ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, तारीख ठरली.

तारीख ठरली!!

१९ मार्च

मामाची पाटी: "डबा कुठाय."

मी म्हटलं, चिठ्ठ्यांना चौकट करून घेतेय, तुला भेट. तो माझ्याकडे बघत राहिला. खोटं बोलताना मी जास्त बोलते हे त्याला माझ्या जन्मापासून माहीत आहे. मग त्याने लिहिलं, "लवकर आण." गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा श्वास येत होता. घाबरल्यावर तसा येतो.

घाबरायला काय झालं त्याला?

१३ एप्रिल

काल शो झाला. एका जुन्या कापड गिरणीत. पाहुण्यांना मातीच्या वाडग्यात एस्कीतेस, चार दाणे मक्याचे, वर फूल. आमच्या कोपऱ्यावर हेच भरून देतात, फूल सोडून.

मी सगळ्यात शेवटी. लाल कोट, घोट्यापर्यंत. पाठीवर चिठ्ठी. समोरून मला काहीच दिसत नव्हतं, नुसते फोन वर केलेले हात. वळले तेव्हा मागून लोक मोठ्याने वाचत होते, हसत होते, एक बाई टाळ्या वाजवत उभी राहिली. विंगेत विचारलं, काय लिहिलंय माझ्यावर? केस उतरवणारी मुलगी म्हणाली, कानांबद्दल काहीतरी, फार गोड आहे. कोट लगेच काढून नेला.

फोटो सगळीकडे. एजन्सीच्या बाईंचा फोन, चार वर्षं धर म्हणाल्या.

१५ एप्रिल

दामारिस सकाळी दारात. गाडी टाकून आली होती, हाताला संत्र्याचा वास. बसली नाही. फोनवर माझाच फोटो उघडून समोर धरला. माझी पाठ.

"गॅसवाल्याला. पोराचे कान तुझ्यावर गेलेत. कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. तुला कळावं म्हणून हे गाणं. ३ मे १९८७."

"हे अक्षर कुणाचं आहे, ओळख बघू," दामारिस म्हणाली.

ओळखायला काय! रोज सकाळी त्याच अक्षरात तोर्तियाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. एउलालिया काकू. गल्लीत वाचता येणारं प्रत्येक माणूस ते अक्षर ओळखतं. गाबिनो, काकूंचा एकुलता एक, त्याचे कान. आणि नाबोर, अजूनही दर शुक्रवारी गॅसच्या टाक्या घेऊन ओरडत जातो, टोपी कानांवर ओढून. इतकी वर्षं कुणी दोन कान शेजारी ठेवून बघितले नव्हते. आता बघतायत.

मी म्हटलं, पण हे मामाने माइकवर वाचलेलंच असणार ना —

दामारिस माझ्याकडे अशी बघायला लागली की मला खाली बघावं लागलं. वाचलेल्या चिठ्ठ्या गोणीत जातात, ती म्हणाली, शेगडी पेटवायला. डब्यात जातात त्या न वाचलेल्या. "तो गिळायचा त्या. दारू पिऊन कुणी लिहिलं, रागात लिहिलं, घर मोडेल असं लिहिलं, की तो कागद बघायचा, खिशात घालायचा आणि दुसरंच नाव घ्यायचा. सकाळी माणूस शुद्धीवर आलं की मामाच्या पाया पडायचं. तू त्याच्या घरात वाढलीस, युनुएन. तुला हे कसं माहीत नाही गं?"

कसं माहीत नाही. मी स्पीकरमागे बसून रेकॉर्डी बघत होते. मामाचे हात कधी बघितलेच नाहीत.

चौतीस वर्षांचं सगळ्या गल्लीचं गिळलेलं. ते मी पिशवीत घालून रोमात नेलं. चोवीस कोट.

१६ एप्रिल

इन्याकीकडे गेले. आधी त्याने पाणी दिलं. नावं तर कुठेच नाहीत ना, म्हणाला. ही लोकांची कविता आहे. मग म्हणाला, आणलंस तर तूच.

खरं बोलला. म्हणून जास्त किळस आली.

लाल कोट मागे घेतो, म्हणाला. बाकी तेवीस राहतील. सोमवारपासून स्टुडिओ, डोकं शांत ठेव.

मामाने आज पाटी गळ्यातून काढून खिळ्याला लावून ठेवली आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर तो पाटी काढतो.

२१ एप्रिल

गेले. होय, गेले! तीन दिवस स्टुडिओत गेले. इकडे गल्लीत बायका दाराआड कुजबुजतायत, रोज कुणीतरी नव्या कोटाच्या फोटोत स्वतःचं अक्षर शोधतंय, आणि मी काचेमागे हेडफोन लावून गातेय.

सगळ्यात घाण गोष्ट लिहून ठेवते. आवाज कधी नव्हे इतका चांगला लागला. चार गाणी झाली. वाजवून ऐकवलं तर अंगावर काटा आला, माझ्याच आवाजाने. म्हणजे माझ्यातून चांगलं निघतं ते केव्हा, तर दुसऱ्याचं घर पेटलेलं असताना. थू!

२३ एप्रिल

तोर्तियाचं दुकान बंद. शटर अर्धं खाली. सेल्सो काका, एउलालिया काकूंचे यजमान, बाहेर खुर्ची टाकून बसलेले, तोंड भिंतीकडे. जाणारे येणारे नमस्कार करतात, ते वळत नाहीत. गाबिनो परवाच निघून गेला, पुएब्लाला म्हणे, कपडेही नेले नाहीत. नाबोर गॅस घेऊन आलाच नाही. सगळी गल्ली कोपऱ्यापर्यंत टाक्या घेऊन चालत गेली.

मी नमस्कार न करता पुढे गेले. कोपऱ्यावर पोहोचल्यावर कळलं की मी पळत होते.

२५ एप्रिल

झालं. मोडलं.

इन्याकीला सांगितलं, चोवीसच्या चोवीस कोट मागे घे आणि डबा दे, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाऊन सांगते की चिठ्ठ्या चोरीच्या आहेत आणि चोर मी आहे. त्याने माझा करार पुढे सरकवला. मग म्हणाला, कोट घेतो मागे, पण रेकॉर्ड विसर. झालेली चार गाणीही त्याचीच, कागदावर तशी सही आहे माझी. मी म्हटलं, ठेव. एजन्सीच्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, वेड लागलंय का. क्लबच्या मालकाने दुसरी कुणी बघितली पण — नेसाचीच!

डबा मांडीवर घेऊन मिनीबसमध्ये बसले. बावीस जागांच्या गाडीत चाळीस माणसं, आणि माझ्या मांडीवर त्यातल्या किती जणांच्या आया.

वाटलं होतं, सोडलं की हलकं वाटेल. कसलं हलकं. आता हातात काहीच नाही, आणि तरीही मी चांगली नाही झाले.

२६ एप्रिल

डबा मामापुढे ठेवला. मी जमिनीवर बसले.  मग त्याने खिळ्यावरची पाटी काढली.

"वाचल्यास?"

मी म्हटलं, एकच. पाठीवरची.

त्याने अंगणात शेगडी पेटवली. एकेक चिठ्ठी उघडायची, बघायची, आगीत टाकायची. घाई नाही. एकदा हसला, खांदे हलले. एकदा बराच वेळ डोळे मिटून बसला. मला जवळ येऊ दिलं नाही. दुपार गेली त्यात. डबा रिकामा झाल्यावर धुतला आणि उन्हात पालथा घातला.

मग पाटी: "३ मे. माइक तू."

मी म्हटलं, मामा, गल्ली मला दगड मारेल. तो पाटी तशीच धरून उभा राहिला.  मी हो म्हटलं, कारण तो ती खाली ठेवेचना.

३० एप्रिल

मामा रोज सकाळी बाहेर पडतो, संध्याकाळी येतो. चपला धुळीने पांढऱ्या. परवान्यांची कामं असतील. मला सोबत नेत नाही.

४ मे

लिहून काढते, नाहीतर घशात अडकून राहील.

काल सांता क्रूस, गवंड्यांचा सण. गवंड्यांनी सकाळी अर्धवट घरांवर फुलांचे क्रूस लावले, फटाके झाले, मोळेच्या रश्शाचं जेवण झालं. चार वाजता व्हेंतारोन लागलं. मला वाटलं होतं, काळं कुत्रं यायचं नाही. आले! सगळे आले. रस्ता भरला. म्हातारे खुर्च्या घेऊन आले. दामारिसने गाडी बंद ठेवून स्पीकरपाशी जागा धरली. मला क्षणभर वाटलं — वेडीच मी — की झालं, सोडलं त्यांनी.

पहिली कुंबिया लावली. चिठ्ठ्यांची टोपली गर्दीतून हातोहात फिरत वर आली. भरलेली.  माइक सुरू केला. पहिली चिठ्ठी उघडली.

कोरी.

दुसरी. कोरी. पालथी करून बघितली. तिसरी, चौथी. सगळ्या एकसारख्या कापलेल्या, सगळ्या व्यवस्थित घडी घातलेल्या, आणि सगळ्या कोऱ्या. खाली नाच चालू होता पण माना माझ्याकडे. माझा श्वास माइकवर ऐकू जात होता. दर गुरुवारी खोटी नावं बनवायची सवय आहे मला, एक तरी बनवून सांगावं म्हटलं, तोंडच उघडेना. मी एकेक उघडत गेले. शंभराच्या वर असतील. सगळी टोपली.

मग माइक बंद केला आणि नुसती गाणी लावली, नऊ वाजेपर्यंत. कुणी घरी गेलं नाही. ते तर अजूनच झोंबलं. निघून गेले असते तर परवडलं असतं. उभे राहून, नाचून, माझी फजिती शेवटपर्यंत बघून गेले. शंभर माणसांनी ठरवून, कात्रीने सारखे तुकडे कापून केलेला अपमान! दगड मारले असते तर निदान हात तरी दुखले असते त्यांचे. आणि मामा एका बाजूला खुर्चीवर, टाळ धरल्यासारखा मांडीवर ताल धरून, जसं काही घडलंच नाही!

मला वीट आलाय. कोटवाल्यांचा आला होता तसा आता यांचाही. कॅनकूनच्या एका हॉटेलात डीजे हवाय, सहा महिने, खोली, जेवण. तिथे सगळे परके. हो कळवलं. परवा सकाळी दहाची गाडी.

५ मे

मामाला अजून सांगितलं नाही. उद्या निघताना सांगेन. बॅग भरली.

६ मे

नऊ वाजता एउलालिया काकू आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

म्हणाल्या, "आम्ही कुणी येणारच नव्हतो. ठरलं होतं तसं. तुझा मामा सहा दिवस दारोदार फिरला. कागद कापून आणले होते त्याने. पाटीवर लिहिलेलं — काही लिहू नका, पण पोरीच्या हातात चिठ्ठी पडू द्या."

मी कसंबसं विचारलं, तुमच्याकडेही आला होता?

"तीनदा. दोनदा मी दार लावून घेतलं." जायला वळल्या आणि थांबल्या. "टोपली फिरायला लागली तेव्हा कुणी हात पुढे करेना. पहिला कागद मी टाकला. मग बाकीच्यांनी टाकले."